मॉरिशसमध्ये मोबाईल आपल्याआधी सहा वर्षे कसा पोहोचला?

प्रश्न – ‘तारघर’

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात दरमहा एक विज्ञानविषयक व्याख्यान होते आणि पुढच्या महिन्याचे व्याख्यान माझ्याकडे आले आहे. छोट्या बेटांच्या देशांत मोबाईलचे जाळे कसे वाढत गेले, हा विषय मीच सुचवला आणि उदाहरण म्हणून मॉरिशस निवडले. एकोणिसाव्या शतकात इथून तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तिथे राहतात, त्यामुळे आमच्या श्रोत्यांना त्या देशाविषयी आपुलकी आहे.

तयारी करताना एक गोष्ट मला सतत अडवते आहे. मॉरिशसमध्ये एमटेल या कंपनीने १९८९ साली मोबाईल सेवा सुरू केली. आपल्याकडे पहिला मोबाईल संवाद झाला तो ३१ जुलै १९९५ रोजी, म्हणजे तब्बल सहा वर्षांनी. थ्री-जीचीही तीच गोष्ट: तिथे नोव्हेंबर २००४, आपल्याकडे डिसेंबर २००८. हा देश आकाराने जेमतेम २,०४० चौरस किलोमीटरचा, म्हणजे गोव्याच्या निम्म्याहून थोडा मोठा, आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. ऊस, कापडगिरण्या आणि पर्यटन यांवर चालणाऱ्या, महासागराच्या मधोमध असलेल्या अशा देशाला हे इतक्या लवकर कसे जमले?

माझा अंदाज असा की देश लहान असल्याने टॉवर कमी लागले आणि म्हणून काम सोपे झाले. हा अंदाज कितपत बरोबर आहे? शिवाय १९८९ ची ती सेवा ‘दक्षिण गोलार्धातील पहिली’ होती असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते. हे विधान व्याख्यानात करावे का? जाणकारांनी, विशेषतः तिथे राहिलेल्यांनी किंवा या क्षेत्रात काम केलेल्यांनी, मार्गदर्शन करावे.

उत्तर १ – ‘जुना जोडारी’

तारघर, आपला अंदाज अर्धा बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्या भागाबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण एकतीस वर्षे मी मुंबईत दूरध्वनीच्या केबलचेच काम केले.

आधी ‘पहिलेपणा’चा प्रश्न निकालात काढू. ऑस्ट्रेलियात सेल्युलर सेवा १९८७ साली सुरू झाली होती आणि आफ्रिकेतल्या काँगोची राजधानी किन्शासा इथेही मॉरिशसच्या आधीच असे फोन आले होते. दोन्ही ठिकाणे दक्षिण गोलार्धातच येतात, तेव्हा ते विधान करू नये. ‘आफ्रिकेतील अगदी सुरुवातीच्या सेवांपैकी एक’ असे म्हणावे, ते निर्विवाद आहे. थ्री-जीच्या बाबतीत मात्र २००४ साली एमटेल आफ्रिकेत सर्वांच्या पुढे होती.

आपल्याकडे सहा वर्षांचा उशीर झाला त्याचे कारण तंत्रज्ञानात शोधू नये. चार महानगरांसाठी मोबाईल परवान्यांच्या निविदा १९९२ साली निघाल्या होत्या. त्या न्यायालयात अडकल्या आणि १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागल्यावरच मार्ग मोकळा झाला. मॉरिशसमध्ये सरकारी दूरध्वनी यंत्रणा होतीच, पण मोबाईलचा परवाना सरकारने एका खासगी कंपनीला दिला. करीमजी जीवनजी हा तिथला जुना व्यापारी समूह आणि मिलिकॉम ही परदेशी दूरसंचार कंपनी या दोघांनी मिळून ती उभी केली. निर्णय घेणारे थोडे, परवाना एक आणि प्रदेश एकच, त्यामुळे काम पटकन झाले. आपल्या उशिराचा एक लाभही झाला, तो श्रोत्यांना जरूर सांगा. १९८९ ची ती यंत्रणा अॅनालॉग होती, तिच्यात सिमकार्ड नव्हते. आपण १९९५ मध्ये थेट जीएसएमने, म्हणजे सिमकार्डावर चालणाऱ्या डिजिटल पद्धतीने, सुरुवात केली. मॉरिशसमध्ये जीएसएम आणले ते १९९६ साली मॉरिशस टेलिकॉमच्या सेलप्लस या कंपनीने, आणि एमटेललाही पुढे अॅनालॉग सोडून तिकडे वळावे लागले.

आता टॉवरविषयी. मुख्य बेट सुमारे ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद आहे. जीएसएमचा एक टॉवर तत्त्वतः ३५ किलोमीटरपर्यंत पोहोचू शकतो. ही मर्यादा लहरींच्या ताकदीमुळे येत नाही. फोनपासून टॉवरपर्यंत संदेश यायला जो वेळ लागतो तो विशिष्ट मर्यादेपलीकडे गेला की यंत्रणेचा ताळमेळ बिघडतो, म्हणून ती आहे. कागदावर पाहिले तर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या टॉवरांत बेट झाकले जावे. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण मध्यभागी पठार आहे, त्याभोवती आठशे मीटरपर्यंत चढणारे सुळके आहेत आणि प्रत्येक सुळक्यामागे लहरींची सावली पडते. शिवाय एका चौरस किलोमीटरात सहाशेहून अधिक माणसे राहत असतील तर एका टॉवरवर किती जण एकाच वेळी बोलू शकतील हा प्रश्न पोहोचण्याच्या प्रश्नाआधीच उभा राहतो. तरीही भारतासारख्या देशाच्या तुलनेत हे काम सोपेच होते. शेजारी देशाच्या लहरींशी भांडणही नाही, कारण सर्वांत जवळचे रियुनियन बेट दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे.

बेटाची खरी अडचण किनाऱ्याच्या पुढे सुरू होते आणि लोक नेमके तेच विसरतात. मोबाईल तंत्राच्या पहिल्या दोन पिढ्यांत लोक बोलण्यासाठी फोन वापरत. क्युरपीपमधल्या माणसाने पोर्ट लुईमधल्या भावाला फोन केला तर तो आवाज बेटाबाहेर जातच नाही. परदेशी फोन थोडे असत आणि ते उपग्रहावरून निभावत. इंटरनेट आले तेव्हा हे गणित उलटले, कारण वापरणारा बेटावर असला तरी त्याला हवे असलेले जवळजवळ सगळे बेटाबाहेर होते. २००२ साली सेफ नावाची समुद्रतळ केबल मॉरिशसच्या दक्षिण किनाऱ्यावर बे द्यु जाकोते येथे आली. ती दक्षिण आफ्रिकेतून निघते, रियुनियन आणि मॉरिशसला टेकून आपल्या कोचीला येते आणि पुढे मलेशियातील पेनांगला जाते. त्यानंतर दोनच वर्षांत थ्री-जी आले. २००९ मध्ये मादागास्कर आणि रियुनियनला जोडणारी लायन केबल आली, २०१२ मध्ये तिचा विस्तार केनियापर्यंत झाला आणि त्याच २०१२ साली फोर-जी सुरू झाले. २०२१ मध्ये मेटिस ही केबल दक्षिण आफ्रिकेपर्यंत सुरू झाली आणि फाइव्ह-जीचे परवानेही त्याच वर्षी दिले गेले. केबल आली की आपोआप नवी पिढी येते असा सरळ कार्यकारणभाव मी सांगत नाही. परंतु किनाऱ्यावर पुरेशी केबल नसताना टॉवरवर नवी यंत्रे बसवणे म्हणजे विहिरीत पाणी नसताना मोठा पंप बसवण्यासारखे आहे, हे मी कोणत्याही व्याख्यानात ठामपणे सांगेन.

आणखी एक दुवा, जो मुंबईकर म्हणून मला जवळचा वाटतो. मुंबई आणि दिल्लीचे दूरध्वनी चालवण्यासाठी १९८६ साली स्थापन झालेल्या महानगर टेलिफोन निगमने २००३ साली मॉरिशसमध्ये ‘महानगर टेलिफोन मॉरिशस लिमिटेड’ ही संपूर्ण मालकीची उपकंपनी काढली. मॉरिशस टेलिकॉमची परदेशी संवादावरील मक्तेदारी नुकतीच संपली होती. या कंपनीने सीडीएमए या जीएसएमहून वेगळ्या मोबाईल तंत्राने सुरुवात केली, आंतरराष्ट्रीय फोनच्या व्यवसायातही ती उतरली आणि पुढे तिची मोबाईल सेवा ‘चिली’ या नावाने ओळखली जाऊ लागली. साडेबारा लाख लोकांच्या देशात तिसरी कंपनी, आणि ती आपली.

उत्तर २ – ‘पठारावरून’

मी चौदा वर्षे मॉरिशसमध्ये राहतो आहे. घर वाकोआला, नोकरी एबेनच्या सायबर सिटीत. जोडारींनी केबलबद्दल जे लिहिले आहे त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे; येथे राहून जे दिसते तेवढी भर घालतो.

रेंजचा प्रश्न मुख्य बेटावर आता फारसा जाणवत नाही, पण नैऋत्येकडे ब्लॅक रिव्हरच्या दऱ्यांत उतरलात की फोन अजूनही मुका होतो. २०१७ च्या अखेरीपर्यंत मॉरिशस टेलिकॉमने बेटभर घरोघरी फायबर नेण्याचे काम जवळपास पुरे केले. त्याचा परिणाम मोबाईलवरही होतो, कारण घरात शिरताच फोन वायफायवर जातो आणि टॉवरवरचा भार हलका होतो. एक छोटी आठवण लिहितो. १ सप्टेंबर २०१३ रोजी सर्व मोबाईल क्रमांकांच्या आधी ५ लावून ते सातावरून आठ अंकी करण्यात आले. भारतातल्या नातेवाइकांनी जपून ठेवलेले आमचे सगळे क्रमांक एका दिवसात निरुपयोगी झाले आणि आईला नवा क्रमांक पोहोचवायला मला शेजाऱ्यांच्या फोनचा आधार घ्यावा लागला.

वादळाचे दिवस मात्र वेगळे असतात. जानेवारी २००२ मधील ‘दिना’ या चक्रीवादळाच्या आठवणी जुने सहकारी अजूनही सांगतात, आणि १५ जानेवारी २०२४ रोजी ‘बेलाल’ आले तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून जाताना आम्ही फोनवरच पाहिल्या. अशा वेळी टॉवर पडण्याची भीती तुलनेने कमी असते. आधी वीज जाते, मग टॉवरखालच्या बॅटऱ्या काही तास तग धरतात, आणि रस्ता झाडांनी अडलेला असेल तर जनित्राचे डिझेल वेळेवर पोहोचत नाही. वादळाच्या सूचना इथे पहिल्या श्रेणीपासून चौथ्या श्रेणीपर्यंत चढत जातात. दुसरी श्रेणी लागली की आमच्या घरी सर्वांचे फोन आणि पॉवर बँक भरून ठेवायची, हा आता शिरस्ताच आहे.

तारघर, आपण ‘छोटा बेट देश’ म्हणता तेव्हा माझी विनंती आहे की व्याख्यानाचा अर्धा वेळ रॉड्रिग्सला द्यावा. तेही याच देशाचे बेट आहे, मुख्य बेटापासून पूर्वेला साडेपाचशे किलोमीटरहून अधिक दूर, १०८ चौरस किलोमीटरचे, आणि तिथे चाळीस हजारांहून थोडी अधिक माणसे राहतात. मुख्य बेटाला २००२ मध्ये केबल मिळाली. रॉड्रिग्सला ती मिळाली २०१९ मध्ये. मधली सतरा वर्षे तिथे टॉवर होते, फोन होते, सिमकार्डे होती, पण टॉवरपासून पुढचा सगळा मार्ग उपग्रहावरून जात होता. हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. आपला आवाज तिथे जाऊन खाली येईपर्यंत पाव सेकंद जातो आणि उत्तर यायला पुन्हा तेवढाच. दोघेही एकदम बोलू लागतात, मग दोघेही एकदम थांबतात. २०१६ मध्ये मी रॉड्रिग्सच्या मुख्य गावी, पोर्ट माथुरिनला आठ दिवस कामासाठी होतो. तिथल्या एका शिक्षिकेने मला सांगितले होते की मुलांना चित्रफीत दाखवायची असेल तर ती आदल्या रात्री उतरवून ठेवावी लागते. फोनच्या पडद्यावर रेंजच्या सगळ्या रेघा भरलेल्या असत आणि तरी काही उघडत नसे. टॉवर म्हणजेच जाळे असे समजणाऱ्यांना हे उदाहरण पुरेसे आहे. २०१९ मध्ये सुमारे सातशे किलोमीटर लांबीची मार्स केबल सुरू झाली आणि तोच प्रवास काही मिलिसेकंदांवर आला. त्या शिक्षिकेशी मी त्यानंतर बोललो तेव्हा आम्ही एकमेकांना मध्येच तोडले नाही, एवढ्यानेच मला भरून आले.

बाहेर जाण्याच्या वाटा मोजक्या असण्याला दुसरी बाजूही आहे. १० नोव्हेंबर २०२४ रोजी इथे सार्वत्रिक निवडणूक होती. त्याआधी चोरून टिपलेल्या फोन संभाषणांच्या काही ध्वनिफिती प्रसृत झाल्यानंतर दूरसंचार नियामकाने समाजमाध्यमे ११ नोव्हेंबरपर्यंत बंद ठेवण्याचा आदेश सेवादात्यांना दिला. प्रखर टीका झाली आणि आदेश दिवसभरातच मागे घेण्यात आला. सेवादाते इतके थोडे असताना संपूर्ण देशाचा संवाद एका पत्राने थांबू शकतो, हे त्या दिवशी आम्ही अनुभवले. जाळ्याच्या इतिहासात हेही नोंदवले जावे असे मला वाटते.

उत्तर ३ – ‘डोलकाठी’

मी दापोली तालुक्यातला, व्यापारी जहाजांवर बावीस वर्षे. दूरसंचाराचे शिक्षण मला नाही, परंतु मॉरिशसच्या मोबाईल जाळ्याशी जोडलेली एक घटना आमच्या व्यवसायात कोणीही विसरलेले नाही, म्हणून लिहितो.

२५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ हे जपानी मालकीचे मोठे मालवाहू जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर, पॉइंत देस्नीजवळच्या प्रवाळावर चढले. ते सिंगापूरहून ब्राझीलकडे रिकामे चालले होते. जहाज चालवणाऱ्या कंपनीने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जाहीर केलेला निष्कर्ष असा, की बेटापासून २२ सागरी मैलांवरून जायचे असलेला मार्ग आधी ५ मैलांवर आणला गेला आणि त्या दिवशी आणखी कमी करून २ मैलांवर नेण्याचा प्रयत्न झाला, तो किनाऱ्यावरच्या मोबाईलच्या टप्प्यात येण्यासाठी. त्या अंतरावर चालवण्यासाठी लागणारा, किनाऱ्याचे बारीक तपशील दाखवणारा नकाशाही जहाजावर नव्हता. ६ ऑगस्टपासून तेल गळू लागले, सुमारे एक हजार टन. माएबूरच्या लोकांनी उसाचे पाचट कापडात भरून तेल अडवण्यासाठी तरंगते बांध केले. जहाजाच्या भारतीय कप्तानाला आणि एका अधिकाऱ्याला तिथल्या न्यायालयाने २०२१ च्या अखेरीस शिक्षा सुनावली.

त्यांची चूक मी लपवत नाही. पण त्या महिन्यांत काय परिस्थिती होती तेही सांगितले पाहिजे. महामारीमुळे कामगारांची अदलाबदल थांबली होती, करार संपूनही माणसे महिनोन्‌महिने जहाजावर अडकली होती आणि जहाजावरचे उपग्रह इंटरनेट आमच्यासारख्यांना इतके मोजून मिळे की मुलीचा चेहरा पाहायचा तर किनाऱ्याची वाट बघावी लागे. बेटाजवळून जाताना फोन हातात घेऊन डेकवर उभे राहणारे आम्ही सगळेच आहोत. वर ३५ किलोमीटरच्या मर्यादेविषयी वाचले आणि लक्षात आले की २२ मैल म्हणजे जवळपास ४१ किलोमीटर, अगदी त्या मर्यादेच्या बाहेर. आणि ५ मैल म्हणजे ९ किलोमीटर. खुल्या समुद्रावर मध्ये डोंगर-इमारती नसल्याने रेंज जमिनीपेक्षा लांब मिळते, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. ५ मैलांवरही फोन लागण्याची बरीच शक्यता असते. २ मैलांवर जाण्याची गरज होती असे मला वाटत नाही.

सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारातील दुरुस्ती डिसेंबर २०२४ पासून लागू झाली असून, शक्य तेथवर जहाजावर वाजवी दरात इंटरनेट देणे मालकांवर आता बंधनकारक आहे. आपल्या श्रोत्यांत कोणाचा मुलगा जहाजावर असेल तर त्याला हे नक्की सांगा.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद – ‘तारघर’

तिघांचाही मनापासून आभारी आहे. व्याख्यानाची रचना आता बदलतो. टॉवरपासून सुरुवात करण्याऐवजी किनाऱ्यापासून करीन, आणि रॉड्रिग्स मध्यभागी राहील. ‘दक्षिण गोलार्धातील पहिली’ हे शब्द काढून टाकले आहेत. एक शंका उरते. रॉड्रिग्सला १९०१ साली तारायंत्राची समुद्रतळ केबल पोहोचली होती असे माझ्या वाचनात आले. मग २०१९ पर्यंत ते बेट केबलविना का राहिले?

उत्तर ४ – ‘जुना जोडारी’

आपण वाचले ते खरे आहे. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेतील डर्बनहून निघालेली तारेची केबल मॉरिशस, रॉड्रिग्स आणि कोकोस बेटांना टेकत ऑस्ट्रेलियातील पर्थला पोहोचली. मॉरिशसला तर १८९३ मध्येच झांझिबार आणि सेशेल्समार्गे तार आली होती. पण त्या केबलला रॉड्रिग्सच्या लोकांशी कर्तव्य नव्हते. ब्रिटिश साम्राज्याच्या दोन टोकांना जोडताना वाटेत विसावा हवा होता आणि हे बेट त्या वाटेवर होते. तांब्याच्या तारेतून जाणारा संकेत हजारो किलोमीटरांत इतका क्षीण आणि पसरट होतो की मध्ये कुठेतरी तो वाचून नव्या दमाने पुढे पाठवावा लागे. त्या केबलमधून टिंब आणि रेघ एवढेच जाई. मानवी आवाज तिच्यातून जाणे शक्यच नव्हते. पुढे बिनतारी संदेशवहन आले, मग उपग्रह आले आणि या मार्गांची गरज संपली.

आजच्या फायबर केबलमध्ये हेच काम पाण्याखालचे प्रवर्धक करतात. साधारण साठ ते शंभर किलोमीटरवर एक असा तो बसवलेला असतो आणि त्याला वीज किनाऱ्यावरून त्याच केबलमधून दिली जाते. त्यामुळे अशी केबल आता बेटावर विसावा न घेता थेट पुढे निघून जाऊ शकते. ज्या कारणासाठी १९०१ मध्ये रॉड्रिग्सला केबल मिळाली ते कारणच उरले नाही. चाळीस हजार लोकांच्या वापरातून सातशे किलोमीटर केबलचा खर्च कोणत्याही कंपनीला भरून निघण्यासारखा नव्हता, तेव्हा मार्स केबल घातली गेली ती मॉरिशसच्या सरकारने पुढाकार घेतला म्हणून. श्रोत्यांपुढे नकाशा लावणार असाल तर १९०१ ची रेघ आणि २०१९ ची रेघ दोन वेगळ्या रंगांत काढा; पहिली बेटावरून पुढे जाते, दुसरी बेटावर येऊन थांबते.